उधारीची वही

रेडिओवरची बाई अगदी शांत आवाजात म्हणाली :
गुलाबी पोलोनी, मोठी वळी,
तुकडी क्रमांक अमुक ते तमुक,
जंतू असण्याची शक्यता.
खाऊ नका. पाकिटासकट
जिथून घेतलीत तिथे परत करा.

पाकिटासकट!
सेशेगोच्या या टोकाला पाकीट घेतं कोण?
माझ्या पत्र्याच्या दुकानात वळी येते अख्खी,
हातभर लांब, रांगत्या पोराच्या मांडीएवढी,
आणि जाते बोटभर, दोन बोटं,
ज्याच्या त्याच्या खिशाच्या मापाने
जुन्या वर्तमानपत्रात.
क्रमांक होता तो कागद
मंगळवारीच चुलीत गेला.

फ्रिजमध्ये होती की, मी रेडिओलाच सांगितलं.
तर तीच बाई :
हा जंतू थंडीला भीत नाही,
गारव्यात बसून सावकाश वाढतो.
व्याजासारखा, म्हणजे.
मी कधीच न लावलेल्या.

सुरी उकळत्या पाण्यात टाकली. फळी टाकली.
मग खिळ्यावरची वही काढली.
माकोमा, चार काप. मालेसेला, दोन, आणि एक अंडं.
न्ग्वाकोची म्हातारी, एक, पातळ.
हुनादी, तीन.

को को, मी दारात हाक दिली,
आणि दारं बंद होत गेली.
पडद्याखाली माकोमाची पावलं दिसत होती,
तिची पोरगी म्हणाली, आई घरी नाही.
मालेसेला कुंपणाआडूनच ओरडला,
पेन्शनच्या दिवशी, मोसिबुदी, देवाशप्पथ!
मी ओरडले, पैसे नकोत, पोलोनी दे!
तो हसत सुटला. बाई गं,
ती तर उधारीच्या आधीच संपली.

आख्खी गल्ली मी अशी फिरले,
वही छातीशी धरून. म्हणजे चूक माझीच.
ती काळी वही पाहून
कोण मानेल की मी जीव मागायला आलेय, पैसे नाही?
शेवटी वही पदराआड, म्हणजे एप्रनखाली, लपवली
तेव्हा कुठे दारं किलकिली झाली.

कुणी खाल्ली होती. कुणी कुत्र्याला घातली होती.
न्ग्वाकोच्या म्हातारीने तो पातळ काप
बशीखाली झाकून ठेवला होता, रविवारसाठी.
तो मी घेतला, तिला एक अंडं दिलं.
तिनं अंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
फसवतेयस का, असं.

हुनादीला सातवा लागलाय.
कैरीच्या अचाराबरोबर खाल्ली, म्हणाली,
फार दिवसांनी काहीतरी चवीचं वाटलं.
ताप?
परवा थोडी कणकण होती. थंडीच आहे ना, मावशी.
मी तिला दवाखान्याच्या रांगेत उभं केलं,
नर्सला म्हटलं, पोलोनी.
नर्सनं पुढे काही विचारलं नाही,
फक्त तिला रांगेतून बाहेर काढून आत नेलं.

सत्तर दिवसांपर्यंत, आतून येऊन ती म्हणाली,
सत्तर दिवसांपर्यंत सांगता येत नाही.
सत्तर दिवसांत तर बाळ येईल.
शक्यता कशी लिहायची मला येत नाही.
माझ्या वहीत बाकी असते
नाहीतर फिटलेली असते.

रात्री कंदिलाशी बसून नावांवर खुणा केल्या.
एकूण एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस सापडले.
बुडवे, टोलवे, पुढच्या महिन्याचे वायदे करणारे,
सगळे लिहिलेले, म्हणून सगळे सापडले.

आणि मग आठवला तो.
हिरव्या जर्सीतला, पलीकडच्या शाळेचा,
दात पडलेला.
नाणी मुठीत गरम करून आणतो,
मोजून देतो, कधी एक सेंट कमी नाही.
दोन काप, बुधवारी. बहुतेक गुरुवारीही.
नाव मी कधी विचारलं नाही.
रोखीच्या माणसाला कोण नाव विचारतं?

पहाटे साडेपाचलाच खिडकी उघडलीय.
विकायला काही ठेवलेलं नाही.
सातला पोरं या रस्त्यानं जातात.
जातायत.
सगळ्यांच्याच जर्सी हिरव्या.